दोन हिरामण, एक नोंद

प्राध्यापक यशवंत पिंगळे. हे नाव सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण ते नसते तर मी भडगावच्या जिनिंगमध्ये वडिलांच्या शेजारी कापसाच्या गाठी ढकलत राहिलो असतो आणि हा लेख लिहायला मला कोणी सांगितलं नसतं.

आमच्या घरात शाळेचा दाखला हाच सर्वात मोठा कागद होता. वडील जिनिंगमध्ये हमाल, आईला सही येत नव्हती. गणितात बरा होतो म्हणून धुळ्याला कॉलेजात गेलो. तिथे पिंगळे सर गणित शिकवत. पुण्याला काही वर्षं काढून ते कॉम्प्युटरचं वेड घेऊन परत आले होते. कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सर तो फळ्यावर शिकवायचे. बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकायला पुण्याला पाठवलं तेही त्यांनीच. खोली, मेस, पहिलं पुस्तक, सगळं त्यांनी बघितलं. वडील त्यांना भेटायला एकदा देवपुरातल्या त्यांच्या घरी आले होते. निघताना मला जिन्यात म्हणाले, "तुना सर देवमाणूस शे. त्यासले कधी खोटं सांगू नको." पुढे काय होणार होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

सरांचा विषय होता स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. नाव, वाक्य, पत्ता, आख्खं पुस्तक, कॉम्प्युटरला हे सगळं एकामागे एक ठेवलेली अक्षरं म्हणूनच दिसतं. या माळांमध्ये शोधायचं कसं, दोन माळा एकसारख्या आहेत की नाहीत हे कमीत कमी वेळात ठरवायचं कसं, यावर जगभर लोक आयुष्य घालवतात. बाहेरच्या माणसाला यात संशोधन काय ते कळत नाही. सर ते कागदाच्या दोन पट्ट्यांनी समजावायचे. लांब पट्टीवर मजकूर, छोट्या पट्टीवर हवा तो शब्द. छोटी पट्टी लांब पट्टीखाली एकेक घर सरकवत जायची, हे कोणालाही सुचेल. "पण पाचव्या अक्षराला अडलं," सर म्हणायचे, "तर आधीची चार अक्षरं जुळलेली आहेत, ती तुला आता माहीत झाली. ही माहिती फुकट का घालवतोस? तिच्यावरून ठरव, पट्टी एक घर सरकवायची की तीन." ज्या दिवशी मला हे उमगलं त्या दिवशी मी धुळे बसस्टँडपर्यंत चालत आलो, पण जळगावची गाडी समोरून निघून गेली तरी मला कळलं नाही.

पुढे माझं काम थोडं वेगळं झालं. तंतोतंत जुळणाऱ्या माळा शोधणं सोपं. कठीण काम असतं जवळजवळ जुळणाऱ्या माळांचं. एका कारकुनाने 'गोकुळ' लिहिलं, दुसऱ्याने 'गोकूळ'. एकाने 'सुपडू', दुसऱ्याने 'सुपडु'. माणूस एकच. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं, आणि त्या आकड्याला दोन नावांमधलं अंतर म्हणायचं. अंतर कमी असेल तर माणूस बहुधा एकच. अंतर शून्य असेल तर नावं तंतोतंत एक. आपल्या नावांसाठी हे अंतर कसं मोजावं, ऱ्हस्वदीर्घाला किती वजन द्यावं, 'ण' आणि 'न' यांच्यात किती अंतर धरावं, यावर मी आणि सर मिळून एक निबंध लिहीत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

मी तेव्हा जळगावात एका खाजगी संगणक केंद्रात नोकरीला होतो. दोन मशीन, एक प्रिंटर आणि एक कूलर. कूलर माणसांसाठी नसायचा, मशीनसाठी असायचा. गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची यायची. एका व्यापारी मंडळाच्या सभासदांची टेलिफोन यादी आम्ही अकारविल्हे छापून दिली, तर त्यातले एक शेठ दुसऱ्या दिवशी हजर.

"माझं नाव एकोणिसाव्या पानावर का?"

"शेठ, तुमचं आडनाव झंवर. झ उशिरा येतो."

"कॉम्प्युटर तुमचा आहे ना? मग त्याला सांगा लवकर आणायला."

त्यांना मी चहा पाजला. तसले दिवस पुष्कळ होते. संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते अशाच गमतींबद्दल. पण मी लिहायला बसलो की मला रावेरचं केंद्र दिसतं, आणि ते सोडून बाकीचं लिहिणं मला जमत नाही.

एका धर्मादाय संस्थेचं क्षयरोगाचं काम जिल्ह्याच्या पूर्व भागात चालायचं. गावोगावी औषधवाटप केंद्रं होती. आठवड्याला एक पुडकं, रुग्णाच्या नावाचं. औषध बाहेरून यायचं आणि मोजकंच यायचं. अडचण अशी की एकच रुग्ण दोन केंद्रांत नाव नोंदवायचा. बाजाराला रावेरला गेला की तिथून घ्यायचा, बहिणीकडे सावद्याला गेला की तिथूनही. नावं दोन तऱ्हांनी लिहिलेली, त्यामुळे कारकुनाला पत्ता लागत नसे. एकाला दुहेरी मिळालं की दुसरा कोणी तसाच परत जायचा. संस्थेने सगळ्या केंद्रांच्या वह्या आमच्याकडे आणून टाकल्या. म्हणाले, दुबार नावं काढून एक यादी द्या.

सरांना कळवलं तर ते पुढच्या रविवारी स्वतः जळगावला आले. "आपल्याला हवा होता तसा मजकूर घरी चालत आला," म्हणाले. तोपर्यंत आमची पद्धत बनावट नावांवर तपासलेली होती. आता खरी नावं, खऱ्या चुका.

मी नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव या चार गोष्टी जुळवायचो. पहिल्या आवृत्तीत पाचवी अट होती वयाची. दोन नोंदींच्या वयात फार फरक असेल तर त्या एक मानायच्या नाहीत. पण वह्यांमधली वयं अंदाजे लिहिलेली. एकाच म्हातारीचं वय सावद्याला पन्नास आणि रावेरला सत्तर. वयाच्या अटीमुळे खऱ्या जोड्या सुटत होत्या, आणि निबंधातल्या तक्त्यात आमची पद्धत लंगडी दिसत होती. एका दुपारी मी ती अट काढून टाकली. प्रोग्राममधली एक ओळ. जोड्या भराभर जुळल्या. सरांना मी फोनवर म्हणालो, "वय विश्वासार्ह नाही, म्हणून घेतलं नाही."

ते म्हणाले, "तू मजकूर पाहिला आहेस. तुला योग्य वाटतं ना?"

"हो सर."

ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. ती ओळ मी तक्ता चांगला दिसावा म्हणून काढली होती.

यादी छापून केंद्रांवर गेली. संस्थेला मी आणखी एक नियम करायला लावला: यादीत नाव नाही त्याला औषध नाही. जुन्या वह्या चालू ठेवल्या तर दुबार नावं पुन्हा शिरतील, असं माझं म्हणणं. शिवाय दर महिन्याला गावांतून मृतांची नावं यायची. ती मी यादीशी जुळवायचो आणि जुळलेल्या नोंदीपुढे 'मयत' छापून यायचं.

आता मला आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. पुष्कळ घरांत मोठ्या मुलाच्या मोठ्या मुलाला आजोबांचं नाव देतात. आजोबा हिरामण भिका, त्यांचा मुलगा भिका हिरामण, आणि नातू पुन्हा हिरामण भिका. कागदावर आजा आणि नातू एकच. घरात मात्र कोणी गोंधळत नाही, कारण सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. मग पोराला त्या नावाने हाक कशी मारणार? ती त्याला बापू म्हणते, आबा म्हणते, नाना म्हणते. माझ्या मोठ्या भावाच्या मुलाला आमच्या वडिलांचंच नाव आहे. घरात त्याला सगळे आबा म्हणतात. म्हणजे हे मला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. तरी प्रोग्राम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. कॉम्प्युटरसमोर बसलो की मी घरचं सगळं बाहेर ठेवून बसायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

तीन-चार महिने गेले. निबंधासाठी सरांना एक रकाना भरायचा होता: चुकीच्या जुळलेल्या जोड्या किती. मी सगळ्या केंद्रांना पत्र पाठवलं, यादीबद्दल तक्रार असल्यास कळवावी. सगळीकडून उत्तर आलं: तक्रार नाही. मी सरांना कळवलं, "एकही नाही." त्यांनी तसं लिहून निबंध मुंबईच्या परिषदेला पाठवला. तो स्वीकारला गेल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मला धुळ्याहून तार केली होती. तार!

त्यानंतर मी पहिल्यांदा रावेरला गेलो. यादी कशी वापरतात ते बघावं, जमलं तर निबंध वाचताना दाखवायला दोन फोटो काढावेत, एवढाच विचार. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर केळीचे ट्रक उभे. केंद्र म्हणजे शाळेची एक खोली. टेबलाशी वसंतभाऊ बसायचे. चांगला माणूस, पण नवा. आधीचा कंपाउंडर सगळ्यांना चेहऱ्याने ओळखायचा, त्याची बदली झाली होती. वसंतभाऊ माझी यादी समोर ठेवून, पट्टी लावून नाव शोधत होते. मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर.

रांगेतून एक तरुण पुढे आला. उंच, अंगावरचा सदरा दुसऱ्या कोणाचा वाटावा इतका सैल. मागे त्याची आई होती, कमलबाई. त्याने टेबलाची कड धरली.

"नाव?" वसंतभाऊंनी विचारलं.

"हिरामण भिका महाजन."

वसंतभाऊंनी पट्टी सरकवली. मग वर पाहिलं. "ते मयत आहेत."

"आजा मेला. मी कुठं मेलो?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. तोही हसायला गेला आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत त्याने फडकं तोंडावर दाबून धरलं. त्याने तोंडावरून फडकं बाजूला केलं, त्यावर लाल होतं.

वसंतभाऊ बाईंना म्हणाले, "अहो, मी तुम्हाला विचारलं होतं ना? हिरामण भिका, मयत, बरोबर का? तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हटलं नं भाऊ. मामाजी गेलेच होते."

"मग याचं का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. बापूचं औषध द्या म्हटलं. तुम्ही म्हणले, बापू नावाचं यादीत कोणी नाही."

"अहो, नाव नीट सांगायचं! हिरामण म्हणायचं!"

तिने पदर तोंडाशी धरला. रांगेतली एक म्हातारी वसंतभाऊंवर डाफरली, "सासऱ्याचं नाव कसं घेईन ती? तुही बायको घेते का रे?"

पुढचं मी हळूहळू विचारून काढलं. त्या घरात आजा आणि नातू दोघांनाही क्षय होता. दोघांच्या नावाची दोन पुडकी यायची, ती आणायची कमलबाई. नवरा ट्रकच्या अपघातात कधीच गेलेला. नातू केळीच्या गाड्या भरायला जायचा, म्हणून तिच्याकडे ते काम. माझी पहिली यादी आली त्या आठवड्यात तिला एकच पुडकं मिळालं. वसंतभाऊंनी सांगितलं, नाव दोनदा लिहिलं गेलं होतं, कॉम्प्युटरने एक काढलं. तिला वाटलं, आता घराला एकच द्यायचं ठरलं असेल. घरी येऊन तिने पुडकं सासऱ्यापुढे ठेवलं.

"मग?" मी विचारलं.

"मामाजी म्हणले, पोराले दे. माझं झालं आता."

म्हाताऱ्याने औषध सोडलं. दोन महिन्यांनी गेला. गावातून मृतांच्या यादीत त्याचं नाव आलं, मी ते जुळवलं, अंतर शून्य. माझ्या शास्त्रात याहून खात्रीची जोडी नव्हती. नोंद एकच उरली होती, तिच्यापुढे 'मयत' छापून आलं, आणि नातवाचंही औषध बंद झालं. वसंतभाऊंनी त्याचं औषधाचं कार्ड जमा करून घेतलं. नियम माझाच होता.

सात आठवडे तो औषधाविना होता. क्षयाचं औषध मध्येच तुटलं की काय होतं ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. जळगावच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. रोग परत येतो आणि तेच औषध मग त्याला पुरत नाही.

मी त्याला त्याच दिवशी जीपमध्ये घालून जळगावला आणलं. तो वाटेत मला विचारत होता, कॉम्प्युटर किती मोठा असतो, त्यात किती माणसं मावतात. मी म्हणालो, बठ्ठी मावतात, सगळीच्या सगळी. तो म्हणाला, "मी नाही मावलो ना पण." रागाने नाही म्हणाला. खिडकीतून बाहेर बघत होता.

जळगावला परतल्यावर आधी वयाची अट परत घातली. पण सरांना कळवलं नाही. हे माझं सगळ्यात वाईट काम, प्रोग्राममधल्या त्या ओळीपेक्षाही. मी मनाशी म्हणत होतो, तो बरा होईल, मग सांगू. बरा झाला तर ती चूक सुधारलेली चूक होईल. दर संध्याकाळी दवाखान्यात जायचो. कमलबाई व्हरांड्यात असायची. मी आलो की उठून उभी राहायची, जणू मी कोणी साहेब आहे. मी तिला माझा त्यात काय संबंध आहे ते सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणले?" तेवढंच.

परिषद दोन आठवड्यांवर आली तेव्हा सरांचा फोन आला. नवा कोट शिवायला टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या सभेत ते स्वतःचं काम वाचणार होते. म्हणाले, "सुधाकर, तक्ता मी मोठ्या अक्षरांत काढून घेतला आहे. मागच्या रांगेलाही दिसेल." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात हिरामण गेला.

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. ते पोचल्यावर सरांनी काय केलं ते आधीच सांगतो. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं: "पत्र मिळाले. निबंध मागे घेतला आहे. रविवारी पूर्ण यादी आणि मूळ वह्या घेऊन ये. प्रत्येक जोडी हाताने तपासू." आम्ही सलग पाच रविवार त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तपासलं. एकाच नावाची आणखी दोन घरं निघाली, वहीत वयंच चुकलेली असल्यामुळे अट परत घालूनही सुटलेली. त्यांना औषध पोचलं. सर त्या काळात मला एकदाही रागावून बोलले नाहीत, आणि पूर्वीसारखे हसूनही बोलले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. तो निबंध पुन्हा कधी पाठवला नाही. मी त्याच विषयात नोकरी केली, पगार घेतला, निवृत्त झालो. सर आता नाहीत.

त्या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. ती जशीच्या तशी देतो.

"आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

आपल्या निबंधातल्या तिसऱ्या तक्त्यात 'चुकीच्या जोड्या' या रकान्यात 'एकही नाही' असे आहे. ते मी आपल्याला कळवले होते. ते खरे नाही. मला हे नऊ आठवड्यांपासून माहीत आहे.

रावेर केंद्रातील हिरामण भिका महाजन, वय चोवीस, आणि त्याचे आजोबा हिरामण भिका महाजन, वय अडुसष्ट, या दोन नोंदी मी एक केल्या. वयाची अट ठेवली असती तर त्या वेगळ्या राहिल्या असत्या. वय विश्वासार्ह नाही असे मी आपल्याला सांगितले. या दोघांची वये वहीत बरोबर लिहिलेली होती. अट काढल्यावर तक्ता चांगला दिसत होता, म्हणून मी ती काढली.

आजोबांनी आपल्या वाटचे औषध नातवाला दिले व ते वारले. त्यांच्या मृत्यूची नोंद नातवाच्या नावापुढे लागली. नातू मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी जळगावच्या दवाखान्यात वारला. मी तिथे होतो.

केंद्रांकडून तक्रार आली नाही, याचा अर्थ मी चूक नाही असा घेतला. तक्रार करायला त्याच्या आईला जे नाव उच्चारावे लागले असते, ते ती उच्चारू शकत नव्हती.

आपण परिषदेत काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. निबंध वाचणार असाल तर त्या रकान्यात 'एक' लिहावे आणि माझे नाव काढावे. आपल्या नावाला यात दोष लागता कामा नये, आपण मला विचारले होते.

परवा सोमवारी मृतांची यादी आली. त्यात त्याचे नाव आहे. ते जुळवून नोंदीपुढे 'मयत' लावायचे काम माझे आहे. दोन दिवस झाले, मी मशीन सुरू केलेले नाही. आज करीन.

आपला विद्यार्थी,
सुधाकर"